शेतमालकाचा मुलगा, मजुराची मुलगी : ‘रिटर्न टू सेंडर’मधील मैत्रीचे वाचन

घटकाची ओळख

शेतमालकाच्या घरातले मूल आणि त्याच शेतावर परमुलखातून राबायला आलेल्या मजुराचे मूल यांची मैत्री हा बालकुमार साहित्यातला एक परिचित विषय आहे. अशा गोष्टी वाचताना आपण चटकन हळवे होतो. ‘मुलांना भेदभाव कळत नाही’ असे एक वाक्य बोलून पुस्तक मिटून टाकतो. या घटकात आपण ते वाक्य तपासून पाहणार आहोत. मुलांना भेद खरोखरच कळत नाहीत का? की ते त्यांना नीट कळतात, आणि ते कळूनही जी टिकते तिला मैत्री म्हणायचे?

त्यासाठी आपण ज्युलिया अल्वारेझ यांची ‘रिटर्न टू सेंडर’ ही २००९ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी घेऊ. तुलनेसाठी फ्रान्सिस्को हिमेनेझ यांच्या ‘द सर्किट’ या १९९७ च्या आत्मकथनात्मक कथासंग्रहाकडे जाऊ आणि शेवटी आपल्या देशातल्या शेतांकडे वळू. हा घटक वाचून झाल्यावर कथेतली मैत्री कोणत्या कायद्यामुळे, कोणत्या पिकामुळे आणि कोणाच्या भीतीवर उभी आहे हे तुम्हाला शोधता यायला हवे.

१. कथानक आणि पार्श्वभूमी

ज्युलिया अल्वारेझ यांचा जन्म १९५० साली न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपण डोमिनिकन प्रजासत्ताकात गेले आणि १९६० मध्ये तेथील हुकूमशाहीमुळे त्यांच्या कुटुंबाला अमेरिकेत परतावे लागले. पुढे त्या व्हरमाँट या ईशान्येकडील छोट्या राज्यात स्थायिक झाल्या. तिथल्या दुग्धव्यवसायात काम करणाऱ्या मेक्सिकन मजुरांची मुले शाळेत येऊ लागली, तेव्हा त्यांच्याशी आलेल्या संबंधांतून ही कादंबरी सुचली. तिला २०१० चा पुरा बेलप्रे पुरस्कार मिळाला. लॅटिन अमेरिकी जीवनाचे चित्रण करणाऱ्या मुलांच्या पुस्तकांसाठी हा पुरस्कार दिला जातो.

कथानक थोडक्यात असे. अकरा वर्षांच्या टायलरचे वडील ट्रॅक्टरच्या अपघातात जबर जखमी होतात. आजोबा नुकतेच वारलेले आहेत. गाई तर दोन वेळ धार काढल्याशिवाय राहत नाहीत. शेत विकावे लागेल अशी पाळी येते तेव्हा कुटुंब तीन मेक्सिकन भावांना कामावर ठेवते. त्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रे नाहीत. त्यांतल्या एका भावासोबत त्याच्या तीन मुली आहेत. थोरली मारी टायलरच्याच वयाची आहे. तिचा जन्म मेक्सिकोतला, धाकट्या दोघींचा अमेरिकेतला. आई माहेरी मेक्सिकोला गेली ती परत येताना वाटेतच बेपत्ता झाली आहे. शेताच्या आवारातच एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या तयार घरात, हे कुटुंब राहू लागते.

कादंबरीचा काळ २००५-०६ चा आहे. ‘रिटर्न टू सेंडर’ हा टपालखात्याचा शिक्का आहे : पत्ता सापडला नाही, पाठवणाऱ्याकडे परत. अमेरिकी सरकारने २००६ साली कागदपत्रे नसलेल्या लोकांच्या धरपकडीची जी देशव्यापी मोहीम काढली, तिला नेमके हेच नाव दिले होते. जिवंत माणसांना चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाकिटांच्या पंगतीत बसवणारे ते नाव लेखिकेने उचलले आणि पत्रांनीच भरलेल्या कादंबरीला दिले. शीर्षकातला हा उपरोध पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवा.

२. मैत्री शक्य कशामुळे झाली?

दोन मुले भेटतात, एकमेकांना आवडतात, मित्र होतात. हे सहज घडले असे वाटते. पण त्याआधी काय काय जुळून यावे लागले ते पाहा.

पहिली गोष्ट, काम कशाचे आहे. भाजीपाला, फळे किंवा तंबाखूच्या मजुराला हंगाम संपला की निघावे लागते. गाईला मात्र हंगाम नसतो. वर्षाचे ३६५ दिवस धार काढायची, म्हणजे मजूरही वर्षभर हवा. त्यामुळे मारीचे कुटुंब एका जागी टिकते आणि ओळखीची मैत्री व्हायला वेळ मिळतो. पण इथेच एक मेख आहे. परदेशी शेतमजुरांसाठी अमेरिकेत जो एच-२ए व्हिसा आहे तो हंगामी कामापुरता आहे. दूध काढणे वर्षभराचे काम असल्यामुळे ते त्यात बसत नाही. म्हणजे ज्या कारणाने मारी टायलरच्या शेजारी राहू शकते, त्याच कारणाने तिच्या वडिलांना रीतसर परवाना मिळू शकत नाही. मैत्रीला लागणारा वेळ आणि पकडले जाण्याची भीती ही दोन्ही एकाच गोठ्यातून आली आहेत.

दुसरी गोष्ट शाळेची. कागदपत्रे नसलेली मुलगी सरकारी शाळेत कशी बसते? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात निकाल दिला की, अशा मुलांनाही मोफत शालेय शिक्षण नाकारता येणार नाही. त्या निकालामुळे टायलर आणि मारी एका शाळेत आहेत. शाळेच्या दारात ती विद्यार्थिनी आहे आणि रस्त्यावर आली की बेकायदेशीर.

तिसरी गोष्ट खुद्द त्या ट्रेलरमधली. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्याला नागरिकत्व दिले. त्यामुळे मारीच्या धाकट्या बहिणी नागरिक आहेत, ती नाही. एका ताटात जेवणाऱ्या बहिणींमध्ये कायद्याची भिंत आहे. टायलर आणि मारी यांच्यातली दरी समजण्यासाठी आधी मारी आणि तिच्या बहिणींमधली ही दरी समजून घ्या. मारीचे सगळे जपून वागणे, थोरलेपणाचे ओझे आणि मधूनच उफाळणारा हेवा तिथून येतो.

या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या की ‘मुलांना भेदभाव कळत नाही’ हे वाक्य टिकत नाही. टायलरला देशभक्तीचे धडे मनापासून पटलेले आहेत. आपल्या घरी कायदा मोडला जातो आहे हे कळल्यावर तो हादरतो. कोणाला सांगू नकोस, असे त्याला घरातूनच बजावले जाते. त्याची मैत्री सुरू होते ती एक गुपित सांभाळण्यापासून. मोकळेपणा नंतर येतो.

३. पत्र कोणासाठी? निवेदनाची रचना

आता कादंबरीच्या बांधणीकडे पाहू. टायलरची प्रकरणे तृतीयपुरुषी निवेदनात आहेत. मारीचा भाग पत्रांतून आणि दैनंदिनीतून, म्हणजे प्रथमपुरुषात येतो. दोन्ही आलटून पालटून येतात.

पहिल्या वाचनात वाटते की लेखिकेने वंचित मुलीला तिचा स्वतःचा आवाज दिला आणि न्याय केला. ते खरेच आहे. पण मारी कोणाला लिहिते ते पाहा. बेपत्ता आईला, जिचा पत्ताच नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना. ग्वादालूपेच्या मातेला. तुरुंगात असलेल्या काकाला. बहुतेक पत्रांना उत्तर येण्याची आशा नाही. काही तर पोस्टात टाकणेच धोक्याचे, कारण पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि पत्ता म्हणजे पुरावा. मारीला आवाज आहे, वाचक नाही.

टायलरचे उलट आहे. तो काही लिहीत नाही, कारण त्याला गरज पडत नाही. त्याची आई, आजी, भाऊ-बहीण, शिक्षक, शेजारी सगळे ऐकायला आहेत. त्याच्या वतीने निवेदक बोलतो. ज्याची बाजू जगाला ठाऊक आहे, त्याला ती पुन्हा मांडावी लागत नाही.

शेवटाकडे मात्र बदल होतो. मारीच्या आईचा ठावठिकाणा लागतो. ती माणसांची तस्करी करणाऱ्यांच्या तावडीत आहे आणि तिला सोडवण्यासाठी पैसे मोजावे लागतात. आई परत येते, पण कुटुंबावर धाड पडते, आईवडील पकडले जातात आणि शेवटी सगळ्यांना मेक्सिकोला परतावे लागते. त्यानंतर मारी टायलरला पत्र लिहिते आणि टायलरही तिला लिहू लागतो. जो मुलगा कधी लिहीत नव्हता तो लेखणी हाती घेतो. जिच्या पत्रांना पोहोच नव्हती तिला उत्तर देणारे माणूस मिळते. माझ्या मते कादंबरीतली मैत्री खऱ्या अर्थाने इथे, म्हणजे दोघे एकमेकांपासून हजारो मैल दूर गेल्यावर, सिद्ध होते. सरकारच्या शिक्क्याने पत्र परत जाते. मित्र ते घेतो आणि जबाब देतो.

म्हणून ‘मैत्री सर्व भेद पुसते’ असे या कादंबरीचे तात्पर्य लिहू नका. भेद पुसलेला नाही. मारीला जावे लागले आणि टायलर राहिला. मैत्रीने एवढेच केले की, मारीचे जाणे एका घरात तरी कायमचे नोंदले गेले.

४. कोण कोणाच्या घरी जाते?

मुलांच्या मैत्रीतली विषमता मोजायची एक साधी पट्टी तुम्हाला देतो. कोण कोणाच्या घरी जाते, ते पाहा.

हिमेनेझ यांच्या ‘द सर्किट’मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंगामी मजुरांचे जीवन आहे. कापूस, द्राक्षे, स्ट्रॉबेरी असे पीक बदलेल तसे कुटुंब बदलत्या मुक्कामाला जाते. त्यातल्या एका कथेत छोट्या निवेदकाला शाळेत नाणी जमवणारा एक मित्र भेटतो. मित्र त्याला आपल्या घरी नेतो आणि आपला संग्रह दाखवतो. मग साहजिकच म्हणतो की, आता मला तुझ्या घरी यायचे आहे. निवेदक अडखळतो. आपली नाणी मीच तुझ्याकडे आणीन, असे म्हणून वेळ मारून नेतो. मित्राने एक शब्दही वावगा काढलेला नाही, अपमान केलेला नाही. तरीही त्या एका साध्या प्रश्नात सगळी दरी उघडी पडते.

याच संग्रहाच्या शीर्षककथेत शिक्षक निवेदकाला ट्रम्पेट शिकवायचे कबूल करतात. आनंदाने तो घरी धावतो, तर सगळे सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांत बांधून तयार! इथे कोणी खलपुरुष नाही. हंगाम संपला आहे, एवढेच. या कथांतली मैत्री भांडणाने तुटत नाही, पिकाच्या वेळापत्रकाने तुटते.

ही पट्टी ‘रिटर्न टू सेंडर’ला लावा. टायलर मारीच्या ट्रेलरमध्ये जाऊ शकतो, मारी त्याच्या घरात येऊ शकते. वरवर पाहता समानता आहे. पण तो ट्रेलर टायलरच्या वडिलांच्या जमिनीवर उभा आहे. मारी यजमान असते तेव्हाही ती पाहुणीच असते. नोकरी गेली की घर जाते आणि घराबरोबर मित्रही जातो. मालकाच्या मुलाशी भांडण झाले तर मजुराच्या मुलीला ते परवडणारे नसते. ज्या मैत्रीत एका बाजूला मनमोकळे भांडता येत नाही, ती मैत्री किती बरोबरीची? हा प्रश्न कादंबरीत थेट विचारलेला नाही, तुम्ही विचारा.

५. भिंगरीची प्रतिमा

टायलरच्या गोठ्यात दर उन्हाळ्यात भिंगऱ्या घरटी करतात आणि थंडी पडली की दक्षिणेकडे उडून जातात. मारीला तेच पक्षी ओळखीचे, कारण तिच्या मुलखातल्या गाण्यांतून आणि आठवणींतून ते आलेले. ही भिंगरी हिवाळ्यात आपल्याकडेही तारांवर रांगेने बसलेली दिसते, त्यामुळे तुम्हालाही ती परकी नाही. टायलरच्या आजोबांची आठवण असलेली दुर्बीण आणि तिच्यातून दिसणारे तारे हेही दोघांना सामाईक असे जग आहे. आकाशाला कुंपण नाही, पक्ष्याला परवाना लागत नाही, हा आशय उघड आहे आणि बालवाचकाला तो लगेच भिडतो.

पण समीक्षक म्हणून इथे थोडे थांबा. पक्षी ऋतुमानाने स्थलांतर करतो. माणूस बाजारभावाने करतो. मारीचे कुटुंब मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास राज्यातले. १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापार करार लागू झाला. त्यानंतर अमेरिकेतला अनुदानित मका मेक्सिकोच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर आला आणि मका पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना भाव मिळेनासा झाला. म्हणजे मारीचे वडीलही शेतकऱ्याच्या घरातलेच आहेत, मोडलेल्या शेतीने त्यांना मजूर केले.

तिकडे टायलरचे घरही सुखात नाही. व्हरमाँटमध्ये १९४० च्या दशकात ११,००० च्या आसपास दुग्धशेते होती. २००० चे दशक संपताना ती सुमारे १,००० उरली. दुधाचा भाव शेतकरी ठरवत नाही, आणि कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच २००९ साली तो भाव कोसळला होता. थोडक्यात, दोन मोडकळीला आलेली शेतकरी घरे एका आवारात भेटली आहेत. एकाकडे जमीन आणि नागरिकत्व शिल्लक आहे, दुसऱ्याकडे फक्त श्रम. भिंगरीच्या सुंदर प्रतिमेत हे अर्थकारण झाकले जाते. प्रतिमा आवडली म्हणून ते विसरू नका.

६. कादंबरीच्या मर्यादा

चांगल्या पुस्तकाच्या मर्यादा सांगणे हा त्याचा अनादर नव्हे. इथे तीन मर्यादा नोंदवता येतात.

पहिली, मालक फार चांगले आहेत. टायलरची आई, आजी यांच्या माणुसकीवर मारीचे भवितव्य टांगलेले राहते. मालक वाईट निघाला असता तर? मजुराची सुरक्षितता मालकाच्या स्वभावावर सोडता येते का?

दुसरी, कामाविषयी तपशील कमी आहे. किती तास, किती मजुरी, सुट्टी कोणती, हे मैत्रीच्या प्रकाशात मागे पडते. अमेरिकेत संघटना करण्याचे संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर वगळले गेले आणि किमान वेतन व जादा कामाच्या मोबदल्याच्या १९३८ च्या कायद्यातूनही ते सुरुवातीला बाहेर राहिले. ही वगळणूक कथेच्या तळाशी आहे, पानावर मात्र क्वचितच येते.

तिसरी, नैतिक प्रवास मुख्यतः टायलरचा आहे. तो बदलतो, शहाणा होतो. मारी सुरुवातीपासूनच शहाणी आहे, कारण तिला पोरकटपणा परवडत नाही. तिच्या दुःखातून त्याचे शिक्षण होते. उपेक्षित पात्राने सुस्थित पात्राला मोठे करावे, हा साहित्यातला जुना सांगाडा आहे आणि तो ओळखायला शिका.

कादंबरीनंतर व्हरमाँटमध्ये प्रत्यक्ष काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. २००९ च्या डिसेंबरात एका गोठ्यातल्या यंत्रात अडकून एका तरुण मेक्सिकन मजुराचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथले दुग्धमजूर संघटित झाले. २०१७ मध्ये बेन अँड जेरीज या आइस्क्रीम कंपनीने त्यांच्याशी ‘मिल्क विथ डिग्निटी’ हा करार केला. दूध पुरवणाऱ्या शेतांवरच्या कामगारांची मजुरी, विश्रांती, निवास आणि सुरक्षितता यांचे निकष त्यात आहेत. मैत्री जिथे थांबते तिथून हक्कांचे काम सुरू होते, हे मजुरांनी दाखवून दिले.

७. आपल्या शेताच्या बांधावरून

आता पुस्तक बाजूला ठेवून आपल्याकडे पाहा. पंजाबात भाताच्या लावणीला बिहारहून मजूर जातात. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत सुटका नसते. शेताच्या कडेला कोप्या पडतात आणि चार-पाच महिन्यांनी उठतात. बरोबर मुले असतात. बागायतदाराच्या मुलाला ती रोज दिसतात.

इथे सीमा ओलांडलेली नाही, सगळे एकाच देशाचे नागरिक आहेत. तरी वर्गातली जागा हंगामाबरोबर रिकामी होते. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. त्यांचे काम मोलाचे होते, पण बागायतदाराचा मुलगा गावच्या शाळेत आणि तोडणीवाल्याचा साखरशाळेत, म्हणजे दोघे एका बाकावर बसण्याची संधी तिथेही कमीच. आपला शिक्षणहक्क कायदा २००९ चाच, या कादंबरीच्याच वर्षीचा. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. प्लायलर निकालाने टायलर-मारीला एका शाळेत बसवले. आपल्या कायद्याने आपल्याकडच्या किती टायलर-मारींना एकत्र बसवले, हे तुमच्या गावात जाऊन पाहता येईल.

आणि आपल्याकडे एक गोष्ट अधिक आहे, जात. ‘कोण कोणाच्या घरी जाते’ या पट्टीला आपल्याकडे आणखी खुणा लागतात : कोण कोणाकडचे पाणी पिते, कोण उंबऱ्याच्या आत येते, कोण ओट्यावर थांबते. हे नियम मुलांना फार लवकर कळतात. कोणी सांगत नाही, तरी कळतात.

हे वाचणाऱ्यांमध्ये काही जण बागायतदारांच्या घरातले असतील. काही जण कोपीत अभ्यास करून इथवर आलेले असतील. दोघांनी हा घटक सारख्याच रीतीने वाचावा अशी माझी अपेक्षा नाही. पहिल्याने टायलरसारखे स्वतःला विचारावे की, माझे घर कोणाच्या भीतीवर आणि श्रमावर तगले? दुसऱ्याने मारीसारखे लिहावे, आणि वाचक मिळेपर्यंत वाट न पाहता लिहावे.

समारोप

‘रिटर्न टू सेंडर’ची ताकद तिच्या गोडव्यात नाही. मैत्री व्हायला वेळ, शाळा आणि निवारा लागतो, आणि त्या तिन्ही गोष्टी एका मुलाला जन्मतः मिळतात तर दुसऱ्याला उसन्या मिळतात, हे ती दाखवते. मैत्रीने कायदा बदलत नाही, मजुरी वाढत नाही. पण ज्याला परत पाठवले त्याचा पत्ता मित्राजवळ राहतो. तो पत्ता हरवू न देणे ही साहित्याची कामगिरी. त्या पत्त्यावर हक्क पोहोचवणे हे मात्र तुमचे-माझे, नागरिकांचे काम आहे.

विचारासाठी प्रश्न

१. मारीच्या भागासाठी पत्ररूप निवेदन निवडल्याने काय साधले? तिची गोष्ट तृतीयपुरुषात सांगितली असती तर काय हरवले असते?

२. ‘मैत्री सर्व भेद पुसते’ या विधानाची या घटकातील दोन साहित्यकृतींच्या आधारे चिकित्सा करा.

३. पक्ष्याच्या स्थलांतराची उपमा माणसाच्या स्थलांतराला किती लागू पडते? कुठे अपुरी पडते?

४. तुमच्या भाषेतील एखादी कथा, कादंबरी किंवा आत्मकथन घ्या. त्यातील मालकाचे मूल आणि मजुराचे मूल यांच्या नात्याला ‘कोण कोणाच्या घरी जाते’ ही पट्टी लावून ५०० शब्दांत टिपण लिहा.

५. तुमच्या परिसरात हंगामी मजूर येत असतील तर त्यांची मुले कुठे शिकतात याची माहिती घ्या. स्थानिक मुलांशी त्यांची ओळख होते का, आणि हंगाम संपल्यावर ती टिकते का, याविषयी वर्गात चर्चा करा.